पेपर खरा मानायचा की वर्गात दिसते ते?

वाचक शिक्षिकेचे पत्र, थोडक्यात : सोलापूरच्या पूर्व भागातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी दुसरीचा वर्ग सांभाळते. नोकरीचे चौथे वर्ष आहे आणि वर्गात ३८ मुले आहेत. त्यांतील एका मुलीच्या घरी तेलुगू बोलली जाते. वडील यंत्रमागावर कामाला आहेत आणि आई विड्या वळते. पन्नासची नोट देऊन सव्वीस रुपयांचे सामान घेतले तर किती पैसे परत मिळतील, हे ही मुलगी बोटांवर न मोजता सांगते. प्रथम सत्राच्या संकलित मूल्यमापनात, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेत मात्र तिला गणितात ३० पैकी ११ गुण मिळाले. लेखी कागदातील शाब्दिक उदाहरणे तिने कोरी सोडली आणि तोंडी भाग मला वेळेअभावी घाईत उरकावा लागला. मराठीचे वाचनही ती अडखळत करते. याउलट सुंदर अक्षराच्या एका मुलाला गणितात २७ गुण मिळाले, पण ‘त्रेचाळीस मोठे की चौतीस?’ असे विचारले की तो मान खाली घालतो. सहकारी सांगतात की आकारिकचे, म्हणजे सत्रभराच्या वर्गातील कामावरून द्यायचे, गुण संकलितशी जुळते ठेवावेत, म्हणजे तपासणीत प्रश्न येत नाहीत. मुख्याध्यापकांचेही मत तसेच आहे. मुलीचे वडील शाळेत येऊन विचारून गेले, “घरी सगळा हिशेब करते, मग कागदावर एवढी कमी कशी?” मला उत्तर देता आले नाही. मी पेपर खरा मानू की माझे डोळे? माझ्या निरीक्षणावरून तिची श्रेणी वाढवली तर तो अप्रामाणिकपणा ठरेल का? आणि ३८ मुलांच्या नोंदी खरोखर ठेवायच्या कशा?

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आले की, त्या मुलीच्या वडिलांना उत्तर देता आले नाही ही गोष्ट तुम्हाला गुणांच्या गणितापेक्षा जास्त लागली आहे. प्राथमिक वर्गात अनेक वर्षे शिकवल्यानंतर मी एवढे सांगू शकते की ही बोच ज्यांना जाणवते, त्यांच्याच हातून मुलांचे मूल्यमापन नीट होण्याची शक्यता असते. तेव्हा ती बोच घालवण्याची घाई करू नका.

तुम्ही प्रश्न असा मांडला आहे की, एका बाजूला पेपर हा निष्पक्ष साक्षीदार आहे आणि दुसऱ्या बाजूला तुमचे डोळे हा माया करणारा साक्षीदार आहे. या मांडणीकडेच आधी पाहू. पेपर निष्पक्ष असतो तो तपासणीपुरता. एकच उत्तर सर्वांना सारखेच बरोबर किंवा सारखेच चूक ठरते, एवढाच त्याचा निष्पक्षपणा. पण तो नेमके काय विचारतो, हा वेगळा प्रश्न आहे. ‘रमाकडे २५ फुले होती. त्यांपैकी ९ फुले तिने मैत्रिणीला दिली. आता तिच्याकडे किती फुले उरली?’ हे उदाहरण आपण वजाबाकीचे समजतो. सात वर्षांच्या मुलीला मात्र त्यासाठी आधी तीन वाक्ये वाचावी लागतात, ‘त्यांपैकी’ आणि ‘उरली’ या शब्दांचा अर्थ लावावा लागतो, कोणती क्रिया करायची ते ठरवावे लागते, मग वजाबाकी करावी लागते आणि शेवटी उत्तर योग्य जागी लिहावे लागते. यांतली पहिली पायरी अडली तर पुढच्या चारही पायऱ्या कागदावर दिसत नाहीत. तुमच्या विद्यार्थिनीने शाब्दिक उदाहरणे चुकवलेली नाहीत, ती कोरी सोडली आहेत. जिला वजाबाकी येत नाही ती बहुधा काहीतरी लिहून ठेवते. जिला प्रश्नच वाचता आलेला नाही ती जागा कोरी सोडते. हे प्रत्येक वेळी खरे असतेच असे नाही, पण कोरी जागा दिसली की मी आधी वाचनाचा संशय घेते.

सोलापुरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. आपल्याकडे एकाच बाकावर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुले शेजारी शेजारी बसतात, आणि संख्यांची नावे या भाषांमध्ये सारख्या रीतीने घडत नाहीत. मराठीत ‘त्रेचाळीस’ म्हणताना आपण तीन आधी उच्चारतो आणि चाळीस नंतर, पण लिहिताना चार आधी लिहितो. तेलुगूत ‘नलभै मूडु’ म्हणजे चाळीस आणि तीन. कन्नडमध्येही ‘नलवत्तमूरु’ याच क्रमाने येते. म्हणजे तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलाच्या कानाला आणि हाताला घरी एकच दिशा असते, आणि शाळेत आल्यावर कान उलट्या दिशेने चालू लागतो. ‘त्रेचाळीस’ ऐकून ३४ लिहिणाऱ्या मुलाला स्थानिक किंमत कळत नाही असा निष्कर्ष आपण चटकन काढतो. प्रत्यक्षात त्याने जसे ऐकले तसेच लिहिलेले असू शकते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस तीन’, ‘चाळीस तीन’ असेही संख्यावाचन सुचवले गेले, तेव्हा महाराष्ट्रभर मोठा वाद झाला. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्या वेळी दिलेले कारण मुलांच्या याच अडचणीचे होते. त्या वादात कोणी कोणतीही बाजू घेतली असो, पूर्व भागात शिकवणाऱ्या शिक्षिकेला ही अडचण वर्गात रोज भेटते, आणि मूल्यमापन करताना ती विसरून चालत नाही.

आता अप्रामाणिकपणाच्या प्रश्नाकडे येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात मुलाला किती समजले आहे आणि ते त्याला किती वापरता येते, याचे सर्वंकष व सातत्यपूर्ण मूल्यमापन अपेक्षित आहे. त्याला अनुसरून महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१० रोजी काढलेल्या शासन निर्णयात पहिली-दुसरीसाठी आकारिक मूल्यमापनाला ७० टक्के आणि संकलित मूल्यमापनाला ३० टक्के भार दिला. तिसरी-चौथीला हे प्रमाण ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मे-निम्मे, आणि सातवी-आठवीला ४० व ६० असे होते. मूल जितके लहान, तितके रोजच्या पाहण्याचे वजन जास्त, असे हे सूत्र आहे, आणि ते पूर्ण विचाराने ठरवलेले आहे. आकारिकसाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय किंवा वर्गकार्य अशी अनेक साधने दिली ती याचसाठी की, एका साधनातून निसटलेली गोष्ट दुसऱ्यात सापडावी. २०२२ मध्ये आलेला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तर याच्याही पुढे जातो. तीन ते आठ या वयातील मुलांसाठी परीक्षा हे साधनच योग्य नाही, मुलाचे निरीक्षण करावे आणि त्याने केलेल्या कामाचा अभ्यास करावा, अशी भूमिका त्यात आहे.

तेव्हा निरीक्षणाला वजन देणे अप्रामाणिक आहे का, या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे : ते तुमचे काम आहे. अप्रामाणिक आहे ते संकलितचे गुण हाती आल्यावर मागे वळून आकारिकचे रकाने त्यांच्याशी जुळवणे. याचा परिणाम आकड्यांत पाहा. समजा, तुमच्या नोंदींवरून या मुलीचे गणितातील आकारिक गुण ७० पैकी ५२ होतात. त्यांत ११ मिळवले की ६३, म्हणजे ब-२ श्रेणी. तेच आकारिक गुण संकलितच्या प्रमाणात जुळवले तर ७० पैकी २६ च्या आसपास येतील, बेरीज ३७ होईल आणि श्रेणी ड. ज्या मूल्यमापनाला ३० टक्केच भार दिला आहे, त्याने अशा जुळवाजुळवीत शंभर टक्के निकाल ठरवला, आणि जून महिन्यापासून तुम्ही वर्गात जे पाहिले त्याचा कुठे मागमूसही राहिला नाही.

मात्र येथवर वाचून तुम्हाला दिलासा मिळाला असेल, तर आता तुमच्या डोळ्यांविषयीही तितक्याच स्पष्टपणे बोलले पाहिजे. शिक्षकाचे डोळे फसतात. जी मुलगी पहिल्यांदा हात वर करते तिचे उत्तर आपल्या लक्षात राहते आणि तेच वर्गाचे उत्तर वाटू लागते. ज्याचे अक्षर सुंदर, त्याच्या वहीतील चूक आपल्याला निसटलेली वाटते आणि ज्याची वही मळकी, त्याचे बरोबर उत्तर योगायोगाचे वाटते. हुशारीची छाप एका विषयात पडली की ती दुसऱ्या विषयातही आपण पुढे नेतो. माझ्या स्वतःच्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात सत्राच्या शेवटी एका संध्याकाळी बसून सगळ्या वर्गाच्या वर्णनात्मक नोंदी मी लिहून काढल्या होत्या. लिहिता लिहिता नऊ मुलांपाशी माझी लेखणी थांबली. त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे मला काहीही आठवेना. ती मुले मस्ती करत नव्हती, मागे पडलेली नव्हती आणि पुढेही नव्हती. मधल्या रांगांमध्ये बसून ती रोज शाळेत येत होती. त्यांच्या नावापुढे मी ‘नियमित अभ्यास करतो’, ‘वर्गात लक्ष देते’ असे लिहिले. त्या नऊ मुलांचे मी त्या सत्रात मूल्यमापन केलेच नव्हते, आणि याचे मला आजही वाईट वाटते. तयार नोंदींच्या याद्या आता मोबाईलवर फिरतात, त्यामुळे हा मोह पूर्वीपेक्षा वाढला आहे. पण जी नोंद वर्गातील कोणत्याही मुलाच्या नावापुढे खपून जाते, तिच्यातून त्या मुलाविषयी काहीच कळत नाही.

खरी नोंद कशी असते ते एका उदाहरणाने सांगते. ‘१२ ऑगस्ट. ५२ वजा २७ हे काड्यांच्या गठ्ठ्यांनी बरोबर सोडवले, एक गठ्ठा सोडावा लागेल हे स्वतः म्हणाली. वहीत उभी मांडणी केली तेव्हा ७ मधून २ वजा करून ३५ लिहिले.’ अशा नोंदीवर तारीख आहे, मुलाने काय केले ते आहे आणि ते कोणत्या परिस्थितीत केले तेही आहे. ‘हुशार’, ‘आळशी’, ‘चंचल’ असा एकही शब्द त्यात नाही. आणि उद्या काय शिकवायचे हे तिच्यातूनच ठरते : या मुलीला हातच्याची वजाबाकी समजते, तिच्या उभ्या मांडणीचा गठ्ठ्यांशी असलेला संबंध जोडून द्यायचा आहे. माझ्या मते लहान मुलांच्या मूल्यमापनाचा खरा उपयोग हाच आहे. श्रेणी हा त्या कामाचा एक उरलेला भाग असतो, आणि आपण मात्र त्या उरलेल्या भागासाठीच सारी धावपळ करतो.

तुमच्या विद्यार्थिनीबाबत पुढचे पाऊल असे घ्या. मधल्या सुट्टीनंतर किंवा कवायतीच्या तासाला तिला पाच-सहा मिनिटे शेजारी बसवा आणि तिने कोरी सोडलेलीच उदाहरणे पुन्हा घ्या. एक उदाहरण तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. ती सोडवू शकली तर अडचण वाचनात आहे. तरीही अडली तर तेच उदाहरण चिंचोके किंवा काड्या समोर ठेवून, सोप्या वाक्यांत सांगा. ‘उरली’ ऐवजी ‘आता किती आहेत?’ असे विचारून पाहा. तुमच्या वर्गात तेलुगू आणि मराठी दोन्ही चांगले बोलणारे मूल असेल तर त्याला प्रश्न तेलुगूत सांगायला लावा. शेवटी तिला स्वतः वाचून सोडवू द्या. या उतरणीवर ती नेमकी कुठे अडते, हे एकदा दिसले की वडिलांना द्यायचे उत्तर तुमच्या हातात येईल.

वाचनाची तपासणीही अशीच एकेकट्या मुलाला जवळ घेऊन करावी लागते. ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून ‘असर’ ही पाहणी करते, तिच्यात कार्यकर्ते मुलाच्या घरी जाऊन अक्षरे, शब्द, छोटा परिच्छेद आणि गोष्ट अशा चार पायऱ्यांवर त्याच्याकडून वाचून घेतात, कारण वाचता येते की नाही हे लेखी पेपरातून कळत नाही. ती पाहणी देशाचे चित्र मिळवण्यासाठी आहे, एखाद्या मुलाला श्रेणी देण्यासाठी नाही. पण तिची रीत आपल्या वर्गात उचलण्यासारखी आहे. मजकूर मात्र पाठ्यपुस्तकाबाहेरचा घ्या. दुसरीतली कित्येक मुले पुस्तकातील धडा तोंडपाठ म्हणतात आणि बोट भलत्याच ओळीवर फिरत असते.

मूल वाचत असताना त्याच मजकुराच्या प्रतीवर तुम्ही खुणा करत जा. वाक्य आहे ‘चिमणी घरट्यात बसली’. एकाने ‘चिमणी घरात बसली’ असे वाचले आणि दुसऱ्याने ‘चिमणी घरट्यात बरली’. दोघांची एकेक चूक आहे, गुणही सारखेच कापले जातील. पण पहिले मूल अर्थ धरून वाचते आहे आणि जोडाक्षरावरून घसरले आहे, दुसरे मूल अक्षरे बिनचूक जोडण्याच्या खटपटीत अर्थाकडे पाहतच नाही. या दोघांना उद्या एकच गृहपाठ देणे चुकीचे ठरेल. निपुण भारत अभियानात दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचावेत असे लक्ष्य ठेवले आहे, त्यामुळे आता शाळांमध्ये घड्याळ लावून वाचून घेतले जाते. त्या आकड्याचा उपयोग आहे, कारण फार हळू वाचणाऱ्या मुलाला वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात आठवत नाही. पण जी मुलगी मराठी भाषाच शाळेत आल्यावर शिकली, तिच्यासाठी घड्याळ लावण्याआधी वाचलेल्या ओळीचा अर्थ विचारा. वेग पुढच्या काही महिन्यांत वाढवता येतो. अर्थाशिवाय वाचायची सवय लागली तर ती मोडायला फार कष्ट पडतात.

३८ मुलांच्या नोंदींचा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. रोज सर्वांना पाहायचे ठरवले तर चौथ्या दिवशी वही बंद होते. रोज चार किंवा पाचच मुले ठरवून घ्या. सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात किंवा तुमच्या टाचणवहीत त्यांची नावे लिहा आणि त्या दिवशी त्यांनाच मुद्दाम विचारा, त्यांच्याच वह्या बारकाईने पाहा. नऊ-दहा शाळेच्या दिवसांत पूर्ण वर्ग एकदा होतो, आणि एका सत्रात प्रत्येक मुलाच्या पानावर सात-आठ खऱ्या नोंदी जमतात. प्रत्येक मुलाला एक पान द्या. दोन ओळींपेक्षा जास्त लिहू नका, पण तारीख चुकवू नका. ज्या पानावर महिनाभर काहीच नाही ते पान उघडले की आपोआप दिसते, आणि माझी जी नऊ मुले निसटली ती तुमच्याकडून निसटणार नाहीत. महिन्यातून एकदा प्रत्येकाच्या कामाचा एक नमुना, म्हणजे एखादे चित्र, एखादे लिहिलेले पान, तारीख टाकून फाईलमध्ये ठेवा. जुलैचे पान आणि डिसेंबरचे पान शेजारी ठेवल्यावर जे दिसते ते कोणत्याही श्रेणीतून दिसत नाही.

दिवस आणि वेळही पाहून निवडा. जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेच्या आठवड्यात मुले गड्ड्यावरून, म्हणजे जत्रेतून, रात्री उशिरा घरी येतात. त्या आठवड्यात मुलांच्या वाचनाची नोंद घेऊ नये, घेतली तर ती थकव्याची नोंद ठरते. एप्रिलमध्ये शाळा सकाळची असली तरी दहानंतर पत्र्याच्या खोलीत आपल्यालाच सुचत नाही, मग सात वर्षांच्या मुलाला काय सुचणार? त्या दिवसांत पहिल्या तासालाच जे पाहायचे ते पाहा. आणि फळ्यावरचे उतरवून घेताना सतत चुकणारे, हाक मारल्यावर वळून न बघणारे मूल असेल, तर श्रेणीचा विचार करण्याआधी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या शाळा तपासणीत त्याचे डोळे आणि कान पाहून घ्या.

तुमच्या डोळ्यांवरची माया किंवा राग कमी करण्याचा एक उपाय मी अनेक वर्षे वापरला आहे. शेजारच्या वर्गाच्या बाईंशी ठरवून प्रत्येकीने पाच मुलांच्या वह्या नावावर कागद चिकटवून दुसरीला द्यायच्या आणि तिने काय दिसते ते लिहायचे. दोघींच्या नोंदी जुळल्या तर धीर येतो. जुळल्या नाहीत तर अर्धा तास बोलणे होते, आणि त्या अर्ध्या तासात जे शिकायला मिळते ते प्रशिक्षणाच्या चार दिवसांत मला मिळाले नव्हते.

मुख्याध्यापकांकडे जाताना तक्रार घेऊन जाऊ नका, वही घेऊन जा. त्यांना भीती आहे ती तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांच्या प्रश्नाची, आणि ती भीती अनाठायी नाही. ‘आकारिक जास्त आणि संकलित कमी का?’ असे विचारले गेले तर तारखांसह लिहिलेल्या आठ नोंदी हे चांगले उत्तर आहे. जुळवलेल्या गुणांपाठीमागे मात्र दाखवण्यासारखे काहीच नसते. दुसरी विनंती अशी करा की, द्वितीय सत्रात शाळेच्या पातळीवर होणाऱ्या गणिताच्या चाचणीत शाब्दिक उदाहरणे पूर्ण वर्गाला मोठ्याने वाचून दाखवली जावीत. केवळ या मुलीला नाही, सर्वांना. गणिताच्या चाचणीने गणित विचारावे आणि वाचनाची परीक्षा मराठीत व्हावी, हे त्यांना पटण्यासारखे आहे. बाहेरून येणाऱ्या चाचणीच्या सूचना मात्र जशाच्या तशा पाळाव्या लागतील. संकलितमधील तोंडी आणि प्रात्यक्षिकाचा भागही या वेळी तीन-चार दिवसांत विभागून घ्या. तो घाईत उरकला गेला, त्याची सर्वांत मोठी किंमत या मुलीने मोजली आहे.

आता श्रेणी. माझे मत असे की, गणितात तुमच्या नोंदी जे सांगतात ते आकारिक गुण निःशंकपणे द्या आणि संकलितचे ११ आहेत तसेच ठेवा, त्यांत एकाही गुणाची भर घालू नका. मराठीत मात्र तिचे वाचन खरोखरच कच्चे आहे, आणि तेथे कणव वाटून श्रेणी वाढवलीत तर तिच्यावर अन्यायच होईल, कारण तिसरीच्या बाई प्रगतिपत्रक पाहून तिच्याकडे वेगळे लक्ष देणार नाहीत. ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात ‘वाचन सुधारावे’ एवढे लिहून थांबू नका. ‘साधे शब्द वाचते, जोडाक्षरांपाशी थांबते, प्रश्न ऐकवल्यास गणिते सोडवते’ असे लिहा. पुढच्या शिक्षिकेला जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात हे एक वाक्य उपयोगी पडेल.

वडिलांना पुन्हा बोलावून घ्या, शक्य असेल तर आईसह, आणि त्यांचा रोज बुडणार नाही अशी वेळ विचारून. प्रगतिपत्रक आधी पुढे करू नका. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधील थोड्या मोठ्या, पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला एक अभ्यास शिक्षणक्षेत्रात प्रसिद्ध आहे. ज्या मुलांना कामावर केवळ अभिप्राय मिळाला त्यांचे पुढचे काम सुधारले, आणि ज्यांना अभिप्रायासोबत गुणही दिले त्यांच्यात तो फायदा दिसला नाही. गुण समोर आले की नजर तेथेच अडकते, आणि हे पालकांच्या बाबतीतही मी वारंवार पाहिले आहे. म्हणून तिचे पान उघडून वाचून दाखवा. ती घरी करते तो हिशेब खराच आहे, तो आम्हीही पाहिला आहे, असे त्यांना स्वच्छ शब्दांत सांगा. कागदावर ती कुठे अडते ते एका उदाहरणावर दाखवा. मग त्यांनाच विचारा की घरी ती आणखी काय काय मोजते, कोणाला गोष्टी सांगते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला धरून आलेल्या समग्र प्रगतिपत्रकात पालकांचे म्हणणे आणि मुलाचे स्वतःविषयीचे म्हणणे यांना जागा ठेवली आहे ती याचसाठी.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगा : घरी तेलुगू बोलणे बंद करू नका. काळजीपोटी बरेच पालक मोडक्या मराठीत मुलांशी बोलू लागतात, आणि मुलीच्या हातून दोन्ही भाषा निसटू लागतात. आईने रात्री तेलुगूत गोष्ट सांगावी, तेलुगूतच मोजायला लावावे आणि रोज पाच मिनिटे मुलीने मराठीत काहीही वाचून दाखवावे, मग ती दुकानाची पाटी असो किंवा बसवरचे गावाचे नाव. आईला मराठी वाचता येत नसले तरी ऐकायला बसता येते.

हे सदर वाचणाऱ्या पालकांसाठीही दोन शब्द. शाळेत जाऊन ‘किती गुण मिळाले?’ किंवा ‘शेजारच्या मुलाला अ-१ मिळाली, मग आमच्याला का नाही?’ असे विचारले तर शिक्षक बचावाला बसतात. ‘त्याला काय जमते, तो कुठे अडतो आणि पुढच्या महिन्यात त्यासाठी तुम्ही काय कराल, आम्ही काय करावे?’ असे विचारा. या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्याकडे नसेल, त्या शिक्षकांनाही तो प्रश्न कामाला लावतो.

राहिला तो सुंदर अक्षराचा मुलगा. तुमच्या पत्रात त्याच्यावर दोनच ओळी आहेत, आणि तो नक्कल करून लिहितो असा तुमचा ग्रह झाल्याचे मला त्यांतून जाणवले. तसे असूही शकेल. पण तुम्ही त्याला ‘त्रेचाळीस’ आणि ‘चौतीस’ तोंडी विचारले, आणि त्याच्या घरी कोणती भाषा बोलतात हे लिहिलेले नाही. उभे करून विचारल्यावर गप्प होणारे मूल आणि न येणारे मूल बाहेरून सारखेच दिसते. त्याला जवळ बसवा, दोन चिठ्ठ्यांवर ४३ आणि ३४ लिहून समोर ठेवा, शेजारी काड्यांचे गठ्ठे ठेवा आणि तोंडाने काहीही न बोलवता मोठी संख्या उचलायला सांगा. त्याच्या पानावर अजून एकही नोंद नसेल, तर उद्याच्या चार नावांत पहिले नाव त्याचे लिहा.